पंखा बंद, तोंड चालू

माझ्या दुकानात आलेलं नवं गिऱ्हाईक आधी पंख्याकडे बघतं. एप्रिलचा महिना, बाहेर भिंगारचा रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि ही बाई पंखा बंद करून बसलेली. मग ते माझ्याकडे बघतं. मी डोळ्याला भिंग लावून मान खाली घातलेली असते आणि समोरच्या बाकड्यावरची रिकामटेकडी मंडळी माझी मनसोक्त टिंगल करत असतात.

"ताई, लाइटबिल लई येतं का?" असं एकाने अगदी कळवळून विचारलं होतं. एक निवृत्त गुरुजी तर बाकड्यावरच चिडले. "बाईंना काम करू द्या की! गप्प बसा सगळे." सगळे गप्प बसले आणि माझा हात थांबला. मी म्हटलं, "गुरुजी, यांना बोलू द्या हो, नाहीतर मला जमत नाही." त्यांनी दुरुस्तीला आणलेला मोबाईल उचलला आणि निघून गेले. दुसरीकडे कुठे काम झालं नाही म्हणून परत आले. आता बाकड्यावर सगळ्यात जास्त तेच बोलतात.

पंखा बंद आणि तोंड चालू, ही सवय मला लागली त्याची ही हकिकत. मोबाईलची, कानाच्या मशीनची, वजनकाट्याची दुरुस्ती करून मी पोट भरते. नववीत शाळा सुटली, पुढे ती धरता आली नाही. त्यामुळे लिहिताना अजून भीती वाटते, की कुणीतरी मागून येऊन पाटी बघेल. चुका दिसल्या तर खुशाल चिडवा. माझं चिडवण्यावरच सुधारतं.

माझं गाव देवगडच्या बाजूला, खाडीकाठी. वडील होडीवर खलाशी. पाठची भावंडं बरीच. मावशीचे यजमान भिंगारला लष्कराच्या डेपोत नोकरीला होते. मावशीने कळवलं, नगरच्या एमआयडीसीत मुलींना काम मिळतं, पाठवून द्या. एसटीचा घाट चढून वर आले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, इथे पाणी कुठे ठेवतात? क्षितिजापर्यंत नुसती जमीन. पण मावशीने जागा दिली, काम मिळालं, घरी मनिऑर्डर जाऊ लागली. मी इतकी कृतज्ञ होते की कुणी पाय दिला तरी 'लागलं नाही ना तुम्हाला' म्हणायचे.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबट शेड. दूध संकलन केंद्रावर जो आकडे दाखवणारा वजनकाटा असतो, त्याच्या आतलं सर्किट आम्ही बायका भरायचो. सर्किटच्या पट्टीला भोकं असायची. भोकात सुट्या भागाचे पाय घालायचे, पट्टी उलटी करायची, आणि तापलेल्या इस्त्रीने कथलाचा डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायचं. इस्त्री म्हणजे कपड्यांची नव्हे, पेनासारखी धरायची असते ती. वाती वळण्याइतकंच कठीण, म्हणजे हात बसला की डोळे मिटून.

सुपरवायझर मोरे साहेब. स्वभावाने वाईट नव्हते, पण शेडमध्ये त्यांनी मोठ्या अक्षरांत लावलं होतं, 'कामाच्या वेळी बोलू नये'. आणि स्वतः तर ते कामाच्या वेळेबाहेरही बोलत नसत.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. एके दिवशी साहेबांनी पुण्याहून आलेली नवी पट्टी आमच्यासमोर ठेवली. तिला भोकंच नव्हती. सगळे भाग वरच्या वर चिकटवलेले. मधोमध एक चपटी काळी चिप, आणि तिला चारी बाजूंनी पाय, जवळ जवळ, कंगव्याच्या दातांहून बारीक. बाजूला तिळाएवढे, खसखशीएवढे भाग.

"हे मशीन भरतं," साहेब म्हणाले. "पुढच्या सालापासून पट्ट्या भरूनच येणार."

माझ्या शेजारी बसणारी सुनंदा हिवरे बाजारकडची, तोंडाने खणखणीत. तिने बोलायला बंदी असूनही विचारलं, "मग आमी काय करायचं, साहेब?"

साहेबांनी चिपेवर बोट ठेवलं. "बिघडलेली चिप इथं हाताने बदलता आली, तर दुरुस्तीचं टेबल नगरला ठेवू, असं मालक म्हणतात. तुम्हा सगळ्यांना त्यावर काम देता येईल. नाही जमलं तर दुरुस्तीही पुण्याला."

दुरुस्ती पुण्याला म्हणजे मी खाडीकाठी. मनिऑर्डर बंद, आणि 'आली परत' म्हणून शेजारपाजारचं बघणं सुरू. घरी जाऊन मी जेवलेच नाही. मावशीने दोनदा "जेवक बस गो" म्हटलं आणि मग भिंतीपलीकडे हाक मारली. पलीकडे गायकवाड काका राहायचे.

काका लष्करातून वायरलेस ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. उभं आयुष्य कट्ट-कडकट्ट करत संदेश धाडण्यात गेलं, त्यामुळे बोलताना त्यांची बोटं टेबलावर आपोआप वाजायची. ओसरीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली लांब टेबल, आणि टेबलावर भंगारातून आणलेले पेजर, टेलिफोन, व्हीसीआर. काका दर रविवारी दुपारी त्यांतल्या बारीक चिपा उचकटून दुसऱ्या पट्टीवर बसवायचे. का? तर गंमत म्हणून. त्यातून एक पैसा मिळत नव्हता. काही माणसं पतंग उडवतात, काका चिप बसवायचे.

जोडीला भिंगारच्या बाजारातले घड्याळजी रज्जाकभाई. डोळ्याचं भिंग आणि बारीक चिमटे त्यांचे, इस्त्री काकांची. दोघांची पैज लागायची. भागांची नावं काकांच्या पत्नी शांताकाकूंनी पाडलेली होती, तांदूळ, तीळ आणि खसखस. तांदूळ बसवला की तिळाला हात घालायचा, तीळ जमला की खसखस. पट्टीवर लाल दिवा लुकलुकला तर जिंकलात, नाहीतर सगळ्यांचा चहा तुम्ही करायचा.

काकांनी मला ओसरीवर बोलावून नियम सांगितले, दोन. पहिला, पंखा बंद. वाऱ्याने तीळ उडतो. दुसरा नियम ऐकून मी उठून जाणार होते. जो टेबलावर कामाला बसेल त्याला बाकीच्यांनी चिडवायचं. टेबलाला हात लावायचा नाही, बाकी काय वाटेल ते बोलायचं. टेबलावरचा हसला तर हरला.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"अगं, आमच्या टायमाला बाजूला तोफा वाजायच्या आन् आमी संदेश पाठवायचो," काका म्हणाले. "आता तोफा कुठनं आनू? म्हनून रज्जाक हाय."

पहिल्या रविवारी मी टेबलावर बसले. काकांची इस्त्री कारखान्यातल्यासारखीच, तिचं टोक चिपेच्या पायांपुढे मुसळ. काकांनी टोकाला जाड तांब्याची तार गुंडाळली, तिचं एक शेपूट पुढे काढलं आणि कानशीने टोकदार केलं. झाली बारीक इस्त्री. मी चिमट्यात तीळ धरला. हात असा कापत होता की तीळ दोन-दोन दिसत होते.

"काय गं," काका म्हणाले, "तुमच्या गावात वीज आली का अजून काजवेच धरता?"

"वीज आहे हो काका," मी घाबरून म्हणाले.

"उत्तर नको देऊ बेटी, उत्तर दिलं की हात हलतो," रज्जाकभाई म्हणाले. "आणि माशाचा काटा बरोबर दिसतो तुला. हा तीळ दिसंना होय? ह्याला पण जरा हळद-मीठ लावू का?"

"तिला तिरफळ लागतं त्यात," आतून काकू म्हणाल्या.

मला हसू आलं, चिमटा दबला आणि तीळ टणकन उडाला. पहिला चहा मी केला. नंतरचेही बरेच मीच केले. पण त्या दिवशी घरी येऊन मी जेवले.

हळूहळू युक्त्या कळल्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही त्या चिपेच्या एकेका पायाला वेगवेगळा डाग देतो. तसं केलं तर आयुष्य पुरणार नाही. आधी चिप नीट बसवायची, पायाखाली पाय, म्हणजे पट्टीवरच्या प्रत्येक खुणेवर चिपेचा एक पाय. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना टाचल्यासारखा डाग द्यायचा. मग राळ स्पिरिटमध्ये विरघळवून ती भरपूर लावायची आणि सगळ्या पायांना एकदम कथलाची आंघोळ घालायची. पाय एकमेकांना चिकटतात, बघणाऱ्याला वाटतं, सत्यानाश! मग केबल टीव्हीच्या वायरीतली तांब्याची जाळी घ्यायची, तीही राळेत भिजवलेली, आणि ती इस्त्रीने दाबत पायांवरून ओढायची. जास्तीचं कथील जाळी पिऊन टाकते आणि पाय सुटे सुटे, चकचकीत उभे राहतात. त्या काळी भिंगारमध्ये कुणाचं केबलचं कनेक्शन बदललं की उरलेली वायर मागायला आम्ही हजर. केबलवाला काकांना विचारायचा, "वाळत घालता का ओ कपडे?"

आणि डाग देताना श्वास रोखायचा नाही. मी रोखायचे. श्वास रोखला की काळजाचे ठोके थेट बोटात येतात. चिडवणारे असले की रागाने, हसू दाबत, का होईना, श्वास चालू राहतो. हे मला फार उशिरा कळलं, पण हात आधी शिकला.

एका संक्रांतीची गोष्ट सांगते. काकू ओसरीवरच तिळगुळासाठी तीळ निवडत बसल्या होत्या. टेबलावर रज्जाकभाई. काका म्हणाले, "रज्जाक, तुझ्या दुकानातलं एक तरी घड्याळ बरोबर टाइम दावतं का रे?" रज्जाकभाई हसले आणि चिमट्यातला भाग उडाला तो नेमका काकूंच्या ताटात. तिळाएवढा भाग, तिळाच्या ताटात.

सगळा खेळ थांबला. तसला भाग भंगारात एकच सापडलेला. काका, रज्जाकभाई आणि मी, तिघं डोळ्याला आळीपाळीने भिंग लावून तीळ न् तीळ बघू लागलो. रज्जाकभाई आनंदाने ओरडले, "सापडला!" तो खडा निघाला.

काकू भिंतीला टेकून मजा बघत होत्या. ताट पार शेवटाला आल्यावर म्हणाल्या, "झालं का निवडून? लई झ्याक निवडलंत. आता तुमच्या त्या रेडिओच्या भोंग्याचं लोहचुंबक फिरवा, येईल चिकटून."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आधी का न्हाई सांगितलं?"

"मग तीळ कुनी निवडले असते?"

त्या घरात सगळे सगळ्यांना चिडवायचे. एक मी सोडून. काका टेबलावर बसले की माझी पाळी यायची, आणि मी म्हणायचे, "छान चाललंय काका." यापलीकडे तोंडातून शब्द फुटायचा नाही. ज्या माणसाने फुकट शिकवलं, इस्त्री दिली, त्याला मी काय बोलणार? रज्जाकभाई कपाळाला हात लावायचे. "अरे, ही चिडवते का प्रमाणपत्र देते?" काका म्हणायचे, "राहू दे. पोरीची बॅटरी चार्जिंगला हाय."

मी साहेबांना 'करून बघते' म्हटलं होतं. मग तो दिवस आला. मोरे साहेबांनी बंद पडलेली नवी पट्टी माझ्या टेबलावर ठेवली आणि शेजारी नवी चिप. खास माझ्यासाठी त्यांनी सगळ्या शेडचं काम थांबवलं. पंखे बंद करवले, तेही मीच सांगितलं होतं म्हणून. सगळ्या बायका मागे उभ्या राहिल्या. कुणी खोकत नव्हतं. बांगडी वाजू नये म्हणून सुनंदाने एका हाताने दुसरा हात धरला होता.

जुनी चिप निघाली. नवी चिमट्याने उचलली, आणि हात कापायला लागला. इतकी शांतता मला ठाऊकच नव्हती. त्या शांततेत मला मनिऑर्डरचा फॉर्म दिसत होता, घाटातली एसटी दिसत होती. चिप खुणांवर ठेवली की सरकायची. पुन्हा ठेवली, पुन्हा सरकली. एक पाय वाकतोय असं वाटलं. मी चिमटा खाली ठेवला.

"नाही जमत?" साहेबांनी हळूच विचारलं.

"जमतं साहेब. पण..." कसं सांगावं कळेना. शेवटी बोलून गेले, "मला कुणीतरी चिडवा."

"काय?"

"चिडवा मला, साहेब. बोला काहीही. त्याशिवाय हात चालत नाही."

साहेबांनी भिंतीवरच्या आपल्याच पाटीकडे पाहिलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच पदर तोंडाला लावला. सुनंदाला मात्र दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"हिचं काय सांगू साहेब! हिच्या डब्यात सोडं, ती वाळली कोलंबी, असल्याबिगर हिची इस्त्री तापत न्हाई. परवा माझ्या भाकरीला वास, माझा नवरा म्हनला, तू कोकनात कवा गेल्ती?"

मी चिप उचलली.

"आन् ऊन लागतंय म्हनून छत्री घेऊन येती," दुसरी म्हणाली. "नगरात छत्री! लोकं विचारत्यात, बाई सर्कशीतली हाय का?"

चिप ठेवली. पायाखाली पाय. एक कोपरा टाचला. बायकांना आता जोर चढला होता. माझी वेणी, माझं 'माका-तुका', बसमध्ये खिडकी धरून मान बाहेर काढणं, काही सोडलं नाही. दुसरा कोपरा टाचला. राळ लावली, कथलाची आंघोळ घातली.

मग सगळ्यांचं एकदम संपलं. शेड पुन्हा शांत झाली, आणि बोटात ते ठोके परत यायला लागले. जाळी ओढायची राहिली होती. तेवढ्यात मोरे साहेबांनी घसा खाकरला.

"बाई," ते म्हणाले. फार विचार करून, जड आवाजात. "बाई, तुम्ही... तुम्ही जेवता फार हळू."

क्षणभर कुणाला कळेना. मग सगळी शेड फुटली. कुणी टेबलं बडवतंय, कुणी खाली बसतंय. साहेब लाल झाले होते आणि आणखी काही सुचतंय का ते शोधत होते. माझ्या पोटात हसू नुसतं उकळत होतं, पण नियम तो नियम. ओठ दाबून मी जाळी ओढली. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. पाय सुटे झाले.

पट्टी काट्याला जोडली. बटण दाबलं. काही नाही. मग लाल शून्य उजळलं. साहेबांनी आपला जेवणाचा डबा उचलून काट्यावर ठेवला. आकडे आले. तेव्हा मी हसले. हसले की रडले ते सुनंदाला विचारा, ती अजून दोन्ही सांगते.

दुरुस्तीचं टेबल नगरलाच राहिलं आणि त्यावर आम्ही सगळ्या राहिलो. पाटी भिंतीवरून काही निघाली नाही, पण दर सोमवारी सकाळी मोरे साहेब एक नवं वाक्य तयार करून आणायचे. ती सगळी वाईट असायची. आम्ही हसायचो.

धावत जाऊन मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "शाबास. आता दहावीला बस." ते मात्र मी केलं नाही. काका दर जूनमध्ये विचारायचे आणि मी दर जूनमध्ये पुढच्या वर्षी म्हणायचे.

शतक संपत आलं होतं. सगळे कॉम्प्युटर एका रात्रीत बंद पडणार म्हणून जिकडेतिकडे बोंब होती. त्या हिवाळ्यात काका आजारी पडले. बरे झाले, पण उजवा हात कापायला लागला. बरेच रविवार ते टेबलावर बसलेच नाहीत, नुसते खुर्चीतून आम्हाला चिडवायचे. ऊन तापायला लागल्यावर एका रविवारी उठले, भिंग लावलं आणि म्हणाले, "सरक. आज तीळ मी बसवनार."

काकूंनी पंखा बंद केला. काकांनी चिमट्यात तीळ धरला. हात कापत होता, आणि चिमट्याचं टोक पट्टीवर आपटत होतं, कट्ट-कट्ट, कट्ट. रज्जाकभाई जमिनीकडे बघू लागले. काकू दारात थिजल्या. कुणी बोलेना. सगळ्यांना त्यांचा मान राखायचा होता. मी ती शांतता ओळखली. तशीच शेडमध्ये होती.

काका मान वर न करता म्हणाले, "काय रे? मेलो का मी? बोला की कुनीतरी."

माझ्या घशात नेहमीचं 'छान चाललंय काका' येऊन बसलं होतं. ते मी गिळलं. आणि मग तोंडातून जे आलं ते माझ्या गावच्या बोलीत आलं, नगरात इतकी वर्षं राहून जे मी भीतीने मागे ठेवलं होतं ते.

"काकानू," मी म्हटलं, "सोल्डर करतास काय तार धाडतास? कोणाक धाडतास ती?"

मला वाटलं, संपलं. या माणसाचं मी इतकं खाल्लं आणि त्याच्या दुखण्यावर बोट ठेवलं. काकांची पाठ हलायला लागली. आधी काकूंना कळलं, काका हसणं दाबत होते. नियम तो नियम.

"तुझ्या बापाला," काका म्हणाले. "कळवतोय, पोरीला तोंड फुटलं."

मग आम्ही कुणी थांबलो नाही. रज्जाकभाईंनी काकांच्या मिशांचा विषय काढला, काकूंनी त्यांचं घोरणं काढलं, मी आजवरची सगळी शिल्लक काढली. काकांचा हात तेव्हाही कापत होता, पण आता ते श्वास घेत होते, आणि दोन कंपांच्या मधे जो एक थांबा येतो तो त्यांना सापडला. तीळ बसला. तिरका बसला. वायर जोडली, लाल दिवा लुकलुकला.

काका खुर्चीत मागे रेलले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "चहा कोन करनार? मी जिंकलोय."

"करते की मी," काकू म्हणाल्या. "पर आधी तो पंखा लावा. जीव गेला माझा."